बाहेर बसलेला गडी

मराठीत 'दम' या दोन अक्षरांइतकं राबवून घेतलेले शब्द फार थोडे असतील. धावलो की दम लागतो, मग आपण दम खातो, थोरली माणसं दम धरायला सांगतात, नाही धरला तर दम देतात, आणि एवढं करूनही काम झालं नाही की 'त्याच्यात दमच नाही' म्हणून मोकळी होतात. पण या सगळ्या दमांचा छातीतला अर्थ जिथे रोज संध्याकाळी तपासला जायचा अशी एकच जागा मला माहीत आहे. कबड्डीचं मैदान. आमच्या कोकणात जुनी माणसं अजून 'हुतूतू'च म्हणतात.

मी आठ-नऊ वर्षं कबड्डी खेळले. आधी शाळेत, मग तालुक्याच्या कॉलेजात. जिल्ह्याच्या पुढे काही गेले नाही, तेव्हा कुणी माझं नाव शोधायला जाऊ नये, सापडणार नाही :) लिहायचं कारण वेगळं आहे. माणसं खेळतात कशासाठी, हा प्रश्न हल्ली फार विचारला जातो, आणि उत्तरात बहुतेक वेळा पदकं, करिअर, शिस्त, व्यक्तिमत्त्व विकास असले शब्द येतात. मला असं वाटतं की कबड्डीपुरतं तरी हे उत्तर शंभर वर्षांपूर्वीच खेळाच्या नियमांत लिहून ठेवलेलं आहे. जरा सविस्तर सांगते.

आधी दमाचं. चढाई करणारीने समोरच्या अंगणात शिरण्याआधीच 'कबड्डी कबड्डी' सुरू करायचं. ते पंचांना स्पष्ट ऐकू जायला हवं, आणि आपल्या अंगणात परत येईपर्यंत मध्ये श्वास घ्यायचा नाही. समोरच्या अंगणात दम तुटला की बाद. आता बोलायचं म्हणजे हवा बाहेर सोडायची. आत काही येत नाही आणि त्याच वेळी वाकायचं, पाय फेकायचा, उडी मारायची. पहिली काही सेकंदं काहीच वाटत नाही. मग बरगड्यांखाली कुणीतरी दोरी आवळल्यासारखं होतं. पुढे कधीतरी वाचनात आलं की ही तगमग मुख्यतः प्राणवायू संपल्यामुळे होत नाही, रक्तात साचत चाललेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे होते. प्राणवायू अजून शिल्लक असतो, पण मेंदू आधीच घंटा वाजवायला लागतो. सरावाने त्या घंटेकडे थोडं दुर्लक्ष करता येतं. 'दम वाढला' म्हणतात तो बराचसा हाच.

त्या घंटेच्या पलीकडच्या चार-पाच सेकंदांत काय होतं हे न खेळलेल्याला सांगणं अवघड आहे. मैदानाभोवती दोनशे माणसं ओरडत असतात, ती ऐकू येईनाशी होतात. ऐकू येतो तो आपलाच आवाज, तोही कवटीच्या आतून. तोंडात लोखंडासारखी चव येते. समोरच्या मुलींचे चेहरे दिसत नाहीत, त्यांचे गुडघे दिसतात, कारण कोण झेपावणार हे गुडघा आधी सांगतो. आणि मग कुणाच्या तरी खांद्याला बोटं लागून, मागे वळून, मध्यरेषेच्या फक्कीपलीकडे हात टेकला की जो श्वास आत येतो... त्या श्वासासारखी गोष्ट मी नंतरच्या आयुष्यात दोन-तीनदाच अनुभवली असेल.

पण मी मुळात चढाईवाली नव्हे. माझी जागा डावा कोपरा. कोपऱ्यातल्या मुलीला दम लागत नाही, तिला हात लागतो. शेजारणीचा हात. घामाने ओला, मातीने खरखरीत. साखळी धरून सरकताना एकमेकींशी बोलायची सोय नसते, समोरची ऐकत असते. तेव्हा सगळं बोलणं हातातून. एकदा दाबला म्हणजे थांब. सोडला म्हणजे मी चालले. माझ्या शेजारी पाच वर्षं एकच मुलगी होती. आज ती समोर आली तर चेहऱ्याआधी हात ओळखीन.

कोपऱ्यातून घोटा धरायचा असतो. नुकत्याच पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखा तो हातात तडफडतो. ज्या क्षणी तो धरला त्या क्षणी तुम्ही एकट्या असता. बाकीच्या येऊन पडतील तेव्हा पकड पुरी, नाही आल्या तर चढाईवाली तुम्हाला फरफटत मध्यरेषेपर्यंत नेणार. त्या येताहेत का, हे बघायला वेळ नसतो. येतील असं धरूनच घोट्याला हात घालायचा. मैदान तांबड्या मातीचं. खेळायच्या आधी खडे वेचणं आणि पाणी मारणं ही कामं आमचीच. ओल्या मातीचा तो वास, सोलवटलेली ढोपरं, त्यावर घरी गेल्यावर हळद, आणि ते पाहून आईचा ठरलेला उद्धार. असो.

आता थोडा इतिहास. कबड्डीचं मूळ सांगताना अभिमन्यूचा चक्रव्यूह हटकून निघतो. एकटा आत शिरतो, बाकीचे घेरतात वगैरे. गोष्ट म्हणून छान आहे, इतिहास म्हणून तिला आधार नाही. खरं एवढंच की एका दमात दुसऱ्याच्या हद्दीत शिरायचं आणि शिवून परत यायचं, हा खेळ या उपखंडात कितीतरी नावांनी चालत होता. तमिळनाडूत चडुगुडु, बंगालात हाडुडू, आपल्याकडे हुतूतू. पुढे बांगलादेशाने तर त्याला राष्ट्रीय खेळ केलं.

या जुन्या खेळाचे मुख्यतः तीन प्रकार सांगतात, आणि माझ्या मते सगळी गंमत या तिघांत आहे. पहिला 'अमर'. यात गडी बाद झाला तरी बाहेर जात नाही. समोरच्यांना गुण मिळतो, हा आपला तिथेच खेळत राहतो. दुसरा 'गनिमी'. यात बाद झालेला गडी गेला तो गेला. त्याचा अख्खा संघ बाद होईपर्यंत बाहेर. तिसरा 'संजीवनी'. यात बाद झालेला बाहेर बसतो, पण त्याच्या संघाने समोरचा एक गडी बाद केला की याच्या बाजूचा एक जिवंत होऊन आत येतो. नावंही पाहा कशी आहेत. ज्याने कुणी ठेवली त्याला खेळ नीट कळला होता.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला महाराष्ट्रात देशी खेळांना नियमांच्या चौकटीत बसवायची लाट आली होती. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली खो-खोचे नियम बांधले. हुतूतूचीही पाळी आली. १९२१ च्या सुमारास संजीवनी आणि गनिमी यांचा मेळ घालून एक नियमावली तयार झाली. १९२३ साली त्यात सुधारणा झाल्या आणि बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने त्या नियमांनी मोठी स्पर्धा घेतली. म्हणजे नियम करणाऱ्यांपुढे तीन वाटा होत्या. कुणी मरतच नाही, मेला तर बाहेरच राहतो, आणि मेला तरी सोबती त्याला परत आणू शकतात. त्यांनी अमर बाजूला ठेवला. समोरचा अख्खा संघ झोपवायची, म्हणजे लोण चढवायची ईर्ष्या मला गनिमीतून आलेली दिसते. आणि जिवंत करणं संजीवनीतून. आज टीव्हीवर दिसणारा खेळ याच मिश्रणाचा नातू आहे.

पुढचा प्रवास थोडक्यात सांगते. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली, त्यात हा खेळही जगापुढे गेला. १९३८ साली कलकत्त्याच्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत त्याला जागा मिळाली. १९५० साली अखिल भारतीय कबड्डी महासंघ निघाला. १९५२ साली मद्रासला पुरुषांची आणि १९५५ साली कलकत्त्याला स्त्रियांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. पुढे शंकरराव तथा बुवा साळवींसारख्या माणसांनी आयुष्य घालून हा खेळ आशियात नेला. १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये तो प्रात्यक्षिक म्हणून होता, १९९० च्या बीजिंग एशियाडमध्ये पदकाचा खेळ म्हणून. महाराष्ट्रात १५ जुलै हा बुवांचा जन्मदिवस कबड्डी दिन म्हणून पाळतात.

हे झालं संस्थांचं. पण या सगळ्या वर्षांत मैदानावर जी हजारो माणसं उतरत होती ती कशासाठी? आमच्या घरात याचं एक उत्तर होतं. माझे धाकटे काका.

काका मुंबईला गिरणीत साच्यावर होते. परळ-लालबागच्या त्या पट्ट्यात गल्लोगल्ली मंडळं आणि मंडळांचे कबड्डीचे संघ. पाळी सुटली की गडी मैदानात. दिव्यांच्या माळा लावून रात्री सामने व्हायचे. चांगल्या गड्यावर रेल्वे, पोलीस, बँका, मोठ्या कंपन्या यांची नजर असायची. खेळावर नोकरी लागलेला एखादा असला की पुढची दहा वर्षं त्याच्या गल्लीत तोच विषय. काकांना अशी नोकरी कधी लागली नाही. तरी ते बारा वर्षं खेळले. का, असं मी त्यांना एकदा विचारलं होतं. म्हणाले, "अगो, दिवसभर कापूस छातीत घ्यायचा. संध्याकाळी तो हुतूतू करत बाहेर नको टाकायला?"

१९८१ च्या दिवाळीत बोनसवरून गिरण्यांत धुसफूस वाढली आणि १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. जवळपास अडीच लाख कामगार त्यात होते. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. खूप गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या चालल्या नाहीत आणि खूप माणसं आत परत गेली नाहीत. काका १९८३ च्या शिमग्याला गावी आले ते राहिलेच. पस्तिशीचा माणूस, दिवसभर पडवीत बसायचा. आजी त्यांच्याकडे बघायची आणि काही बोलायची नाही.

शाळेच्या मैदानावर आम्ही मुली खेळायचो ते धड काही नव्हतंच. काका एक दिवस कुंपणाशी उभं राहून बघत होते. दुसऱ्या दिवशी आत आले. तिसऱ्या दिवशी हातात फक्कीची पिशवी. पुढची सहा वर्षं त्यांनी आम्हाला शिकवलं. पगार नाही, शिट्टीसुद्धा नाही, तोंडानेच वाजवायचे. आजीचा आक्षेप आमच्या हाफपँटला होता. काकांनी आपले जुने पायजमे काढले, त्यांना गुडघ्याखाली कात्री लावली, आम्हाला वाटले आणि विषय मिटवला.

त्यांचं एक वाक्य आमच्या कानात बसलेलं आहे. कुणी चढाईत गडी मारून आली आणि नाचायला लागली की ते म्हणायचे, "कोण मेलं ते बघू नको. आपलं कोण उठलं ते बघ."

बाद झाल्यावर ज्या चौकटीत बसायचं असतं तिथे मी पुष्कळ बसले आहे. कोपऱ्याच्या नशिबात ते असतंच. तिथे बसल्यावर अंगातली आग तशीच असते पण हातपाय निरुपयोगी. दम परत आलेला असतो आणि तो वापरायला जागा नसते. नियम असा की ज्या क्रमाने बाद झालो त्याच क्रमाने परत जायचं. म्हणजे तुमच्या आधी दोघी बसल्या असतील तर आतल्यांनी तीन जणींना बाद केल्यावर तुमचा नंबर. तोवर आतल्या प्रत्येक चढाईला तुमचाच श्वास अडकतो. आणि मग पंचांचा हात वर होतो, आतून कुणीतरी आपलं नाव घेऊन ओरडतं, आणि आपण उठतो. मैदानावर मला सगळ्यात जास्त आनंद कशाचा झाला असेल तर या उठण्याचा. पकडीपेक्षा, जिंकण्यापेक्षासुद्धा. कुणीतरी स्वतःचा दम पणाला लावून आपल्याला परत आणलेलं असतं, आणि ते फेडायचं तर लगेच पुढच्या घोट्याला हात घालायचा, एवढंच कळत असतं.

प्रेरणा म्हणतात ती हीच असावी असं मला वाटतं. आणि ती १९२१ च्या नियमांत बसवलेली आहे. अमर ठेवला असता तर बाहेर बसण्याची झळच लागली नसती. नुसती गनिमी ठेवली असती तर बाहेर बसलेल्याला आशा नसती आणि आत असलेल्याला कुणाची जबाबदारी नसती.

मातीच्या आठवणी काढणाऱ्यांकडून 'आता पूर्वीचं काही राहिलं नाही' अशी अपेक्षा असते. तसं मला म्हणायचं नाही. मॅटवर ढोपरं कमी सोलवटतात ही चांगलीच गोष्ट आहे. २६ जुलै २०१४ ला वरळीत प्रो कबड्डी सुरू झाली तेव्हा पहिल्या लिलावातली सर्वांत मोठी बोली राकेश कुमारवर १२ लाख ८० हजारांची होती. २०२३ साली पवन सेहरावतवर २ कोटी ६० लाख ५० हजारांची लागली. शेतकऱ्यांच्या, कामगारांच्या घरातल्या मुलांच्या दमाला कुणीतरी किंमत दिली, याचं मला मनापासून बरं वाटतं. बदललंय ते एवढंच की चढाईला आता ३० सेकंदांचं घड्याळ आहे. 'कबड्डी' म्हणणं नियमात अजून आहे, पण टीव्हीवर पाहताना माझं लक्ष ओठांकडे असतं आणि खेळाडूचं घड्याळाकडे. पूर्वी वेळ छातीत मोजली जायची, आता भिंतीवर मोजली जाते. काकांना हे दाखवायला मिळालं असतं तर काय म्हणाले असते कोण जाणे. ते २००९ सालीच गेले.

मुलींच्या बाबतीत मात्र माझी तक्रार आहे. २०१६ साली पुरुषांच्या लीगबरोबर स्त्रियांची तीन संघांची एक छोटी स्पर्धा घेतली, पुढच्या मोसमात ती झाली नाही. माझी भाची कॉलेजच्या संघात आहे, चढाई करते. बारावीनंतर खेळ सोडावा का, या विचारात आहे. मला म्हणाली, "मावशी, तुला त्यातून मिळालं काय?" तिचा प्रश्न उद्धट नव्हता, हिशेबी होता, आणि हिशेब करायचा तिला अधिकार आहे. राज्यात शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे हे तिला माझ्यापेक्षा नीट माहीत आहे, आणि त्यासाठी कुठल्या पातळीपर्यंत पोचावं लागतं तेही.

मी तिला २०१८ च्या जकार्ता एशियाडची गोष्ट सांगितली. पुरुषांत १९९० पासून सलग सात सुवर्णं मिळवलेला भारताचा संघ उपांत्य फेरीत इराणकडून हरला. स्त्रियांच्या अंतिम सामन्यातही इराणने आपल्याला २७-२४ असं हरवलं. त्या इराणी मुलींच्या प्रशिक्षक होत्या आपल्या नाशिकच्या शैलजा जैन. भारताच्या हरण्याचं वाईट वाटलंच, पण आपल्याकडची एक बाई परमुलखात जाते आणि तिथल्या मुलींना दम धरायला शिकवते, हे मला विलक्षण वाटलं. पाच वर्षांनी, ७ ऑक्टोबर २०२३ ला हांगझौमध्ये आपल्या मुलींनी चायनीज तैपेईला २६-२५ असं एका गुणाने हरवून सुवर्ण परत आणलं. त्या स्पर्धेतलं ते भारताचं शंभरावं पदक होतं. भाचीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हो, पण तू जिल्ह्यापर्यंतच खेळलीस." मुलगी खरंच चढाईवाली आहे :)

तिला द्यायचं उत्तर मला नियमांच्या पुस्तकातच सापडलं. पुढे कधीतरी खेळात बोनस रेषा आली. समोर सहा किंवा सात गडी असताना चढाईवालीने त्या रेषेपलीकडे एक पाय टेकला आणि दुसरा उचललेला असला तर एक गुण मिळतो. कुणाला शिवायची गरज नाही. हुशारीचा गुण आहे, आणि सामने त्यावर जिंकले जातात. फक्त त्याला एक अट आहे. बोनसच्या गुणाने आपला कुणी जिवंत होत नाही.

नोकरी, आरक्षण, लिलाव, पदक हे सगळे बोनस आहेत. ते मिळावेत, मुलींना तर जास्तच मिळावेत, त्यासाठी भांडावं. काकांच्या पिढीने बोनससाठी काय किंमत मोजली ते मी पाहिलेलं आहे, तेव्हा त्याला कमी लेखायची माझी हिंमत नाही. पण माणूस बारा-बारा वर्षं मातीत उतरतो तो नुसत्या बोनससाठी उतरत नाही. बाहेर कुणीतरी आपलं बसलेलं असतं, आणि एका दमात जाऊन, कुणाला तरी शिवून परत आलो तर ते उठणार असतं.